भरल्या चर्चचा सूर

ती दोघं पहिल्यांदा भेटली तेव्हा तिचा बाप मेला होता. म्हणजे पाववाल्याला तसं वाटलं. खरं तर दाजी झोपले होते.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, आणि चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा सूर लावणारा. हा ऑर्गन मांडीवर घेऊन वाजवायच्या पेटीसारखा नव्हे. चांगला दुमजली घराएवढा. पुढे कोरीव लाकडी भिंत आणि तिच्यामागे नळ्यांचं रान. करंगळीएवढी नळी आहे, आणि आत माणूस उभा राहील एवढीही आहे. सगळ्यांच्या मागे एक अंधारा कोनाडा, कोनाड्यात एक लांब दांडा, आणि दांड्याला लटकलेला मी. दांडा वर-खाली केला की भाता भरतो आणि नळ्यांना वारा मिळतो. माझ्याशिवाय हा ऑर्गन म्हणजे नुसतं कपाट, असं मी आल्यागेल्याला ऐकवतो. एकदा मी इतक्या जोमात वारा भरला होता की पहिल्याच सुराला बिशपांची टोपी उडाली आणि झुंबरात जाऊन अडकली. कोणी मानत नाही. झुंबर मात्र तेव्हापासून कललेलं आहे, जाऊन बघा.

कोनाड्यातून दिसत काहीच नाही. ऐकू सगळं येतं. तेव्हा या गोष्टीतल्या नजरा, लाजणं, ओठ चावणं हे मी माझ्या पदरचं घालणार. जे कानांवर पडलं त्यात मात्र तसूभरही भर नाही.

ऑर्गनचा सूर लावायला मला धरून तीन माणसं लागतात. एक आत, नळ्यांच्या रानात. एक बाहेर, पट्ट्यांपाशी. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. बाहेरच्याने एक पट्टी दाबून धरायची, आतला ऐकतो, नळीला टिचक्या मारून सूर जुळवतो आणि म्हणतो, "पुढे." मग पुढची पट्टी. रांग संपली की म्हणतो, "सोड." आतून शब्द आल्याशिवाय बोट उचलायचं नाही, मग जगबुडी आली तरी बेहत्तर, हा दाजींचा नियम.

दाजींचे कान थकले तेव्हा आत जायचं काम त्यांच्या मुलीकडे आलं. माझी भाची. गावात तिला सूरवाली म्हणत. दाजी बाहेर पट्ट्या धरायला बसू लागले. आणि दुपारचं जेवण झालं की त्यांना तिथेच डुलकी लागायची. त्या दिवशी डुलकीचं रूपांतर गाढ झोपेत झालं आणि कपाळ थेट पट्ट्यांवर टेकलं. आठ-दहा पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या. ऑर्गन रेड्यासारखा हंबरू लागला. आत भाची, बाबा, एक पट्टी, एकच, म्हणून घसा फोडतेय. मी मुकाट वारा घालतोय, कारण मला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

दर गुरुवारी चर्चमधून गरिबांना पाव वाटतात. बेकरीतला तरुण ती पोती घेऊन यायचा. बाहेर रिपरिप लागली होती. पोती भिजू नयेत म्हणून त्याने अंगातलं जाकीट त्यांच्यावर घातलं होतं आणि स्वतः निथळत होता. त्याने तो हंबरडा ऐकला, तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत चढून वर आला, पट्ट्यांवर कोसळलेला म्हातारा पाहिला, त्याला उचलून जमिनीवर निजवलं आणि छाती चोळायला लागला.

चर्च एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत, नळ्यांच्या मधून, वरून की आतून कोण जाणे, एका बाईचा आवाज आला.

"कोणी सांगितलं सोडायला?"

पाववाल्याने दचकून छातीवर क्रूसाची खूण केली. मग भिंतीकडे बघत, अदबीने म्हणाला, "ह्यांचं... ह्यांचं काही खरं दिसत नाही हो."

"अजून आहे मी," दाजींनी डोळे न उघडताच सांगितलं. "पाव आणलेत का?"

बाजूच्या बुटक्या दारातून भाची बाहेर आली. केसांत कोळ्याचं जाळं. हे मी पाहिलं नाही, पण त्या दारातून जाळ्याशिवाय कोणी बाहेर पडलेलंच नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग या पिठात भिजलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि म्हणाली, माझा माणूस आडवा केलात, आता त्याच्या जागी तुम्ही बसा.

"मला वाजवता येत नाही."

"वाजवायचं नाहीये. नुसतं धरायचंय. आधी ते पीठ पुसा."

तो बसला. संध्याकाळपर्यंत बसला. बेकरीत त्याचा शोध सुरू झाला होता म्हणे.

ऑर्गन वर्षातून दोनदा लावला की पुरतो. त्या वर्षी तो लावून संपेचना. एक रांग जुळली की दुसऱ्या रांगेतली एखादी नळी मुकी व्हायची. तपासलं की आत कागदाचा बोळा निघायचा. हे बोळे कुठून येत होते ते देव जाणे. देव जाणे आणि मी.

दर गुरुवारी पाव उतरवून झाले की तो वर यायचा. लाकडी भिंतीच्या अल्याड तो, पल्याड ती, आणि दोघांच्या मागे मी, वारा पुरवणारा. आधी नुसतं "पुढे" आणि "पुढे". मग मध्ये एखादा शब्द.

"पहिल्या दिवशी तुमचा आवाज आला ना, तेव्हा मला देवदूत वाटला," एकदा तो म्हणाला.

आतल्या टिचक्या थांबल्या. मग, "मग?"

"मग तुम्ही ओरडलात."

"पुढे," ती म्हणाली. सूर केव्हाच लागला होता. शब्द जरा उशिराच आला.

कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं. मला तारीख विचारू नका, पण मी त्या दिवशी दांड्यावर हात ठेवून आपणहून एक मोठा श्वास घेतला होता एवढं आठवतं. शेवटच्या भट्टीतला एक छोटा पाव तो कागदात गुंडाळून आणायचा आणि बाकावर ठेवायचा. ती म्हणायची, तुपकट हाताने नळ्या खराब होतात, नको आणत जाऊस. पुढच्या गुरुवारी त्याने आणला नाही, तर आतून काम काही होईना. तीच नळी अर्धा तास. शेवटी मीच कोनाड्यातून ओरडलो की पुढच्या गुरुवारपासून दोन आण रे बाबा, एक मलाही.

तिने त्याला नळ्या समजावून सांगितल्या. काही नळ्या नुसत्या शिट्टीसारख्या. काहींच्या पोटात पितळेची जीभ असते. चर्चमध्ये माणसं जमली, ऊब झाली, की शिट्टीच्या नळ्या सुरात वर चढतात. जिभेच्या हट्टी, त्या जागच्या हलत नाहीत. म्हणून चर्च भरून गेल्यावर लगेच सूर लावायचा नाही. भिंती गार होऊ द्यायच्या, मग आत जायचं. ऊब असताना लावलेला सूर गारठ्यात खोटा पडतो.

"आणि तू कुठल्या नळ्यांतली?" त्याने विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "विचारायला नको. जिभेच्या."

आत काहीतरी खळखळलं. माझी भाची हसत होती. आई गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

दाजींनी आणि मी मनातल्या मनात साखरपुडाही उरकून टाकला होता. बेकरीत भागीदारी मिळेल, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, भट्टीमुळे थंडीत ऊबही राहील, अशी आमची चर्चा. दाजी म्हणायचे, पोराचे हात बघितलेस का, पट्टी धरतो तर कशी धरतो, जसं काही पक्ष्याचं पिल्लू.

आणि मग एका गुरुवारी तो उशिरा आला. पाव आणला नव्हता. बसला, पट्टी दाबली, आणि आतून "पुढे" आलं तरी तीच धरून राहिला.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "तोंडावर सांगायला जमणार नाही. म्हणून इथून सांगतो."

ती आत काय समजली असेल ते तुम्हीही समजला असाल. मीही समजलो. मी दांडा हळू केला, कुरकुर नको म्हणून.

त्याने सांगितलं की तो सेमिनरीत जाणार आहे. फादर व्हायला. वर्षानुवर्षं शिकायचं, मग पाठवतील तिथे जायचं. आणि फादर झालेला माणूस लग्न करत नाही, हे काही त्याने सांगायची गरज नव्हती.

बराच वेळ नुसती ती एक नळी बोलत राहिली.

"केव्हा ठरलं?" तिने विचारलं.

"मी इथे यायच्या आधीपासून मनात होतं. तुला भेटलो आणि म्हटलं, जाईल आता ते मनातून. गेलं नाही."

"मग इतके दिवस पट्ट्या कशाला धरल्यास?"

"सोड म्हणून कोणी सांगितलं नाही."

एरवी या उत्तराला ती हसली असती. मग तिने विचारलं, कसं कळतं रे. आकाश फाटतं का, आवाज येतो का. तिच्या बोलण्यात टोचणी होती, पण विचारणं खरं होतं. तो थांबत-थांबत बोलला. आवाज वगैरे काही नाही आला. पहाटे पीठ मळून झालं की ते फुगेपर्यंत काही काम नसतं. सगळं शांत असतं. आणि तेव्हा असं वाटतं की कोणीतरी केव्हापासून पट्टी धरून बसलंय. ओरडत नाही, घाई करत नाही. नुसतं धरून बसलंय... आणि मी आत आहे, आणि मी शब्द देत नाहीये.

आमचे म्हातारे फादर याला पाचारण म्हणायचे. देवाचं बोलावणं. वेदीपाशी उभं राहून ते त्यावर तासभर बोलले असते. एवढं नेमकं त्यांनाही सांगता आलं नसतं, हे मी पुढे त्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी मला एक माळ जास्त जपायला लावली.

भाची त्या दिवशी बुटक्या दारातून बाहेर आली ती सरळ जिना उतरून गेली. नंतरचे दोन गुरुवार ऑर्गन बंदच राहिला. बोळे टाकायला मलाही जोर उरला नाही.

तो जायचा तो रविवार. संध्याकाळच्या गाडीने निघायचा होता. सकाळच्या मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, सगळं गाव लोटलं; त्याच्या बेकरीचा पाव न खाल्लेलं तोंड आमच्याकडे नव्हतं. बाकांत जागा नाही, भिंतींना टेकून माणसं, दारात माणसं. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली. भाची ऑर्गन वाजवायला बसली होती. शेवटच्या स्तोत्रात एक नळी, जिभेच्या रांगेतली, बाकीच्यांच्या खाली राहिली. ऊब झाली होती, दुसरं काही नाही. गावातल्या कोणाला कळलंही नसेल.

माणसं निरोप घेऊन पांगली. तो वर आला. भाची म्हणाली, ती नळी लावायची आहे. आत्ता.

दाजी म्हणाले, "वेडी की काय. भिंती अजून तापलेल्या आहेत. नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाबा."

ती आत गेली. तो बसला. दाजींनी माझ्या कोनाड्यात डोकावून पाहिलं, आणि जिना उतरून खाली जाऊन बसले. मी वारा भरला. त्याने पट्टी दाबली.

"ऐकतेस?" थोड्या वेळाने तो म्हणाला.

"तेच तर काम आहे माझं."

"तू थांब म्हणालीस तर मी थांबतो. खरंच. सामान खाली आहे, परत बेकरीत नेतो. तुझ्याशिवाय मला..." बाक कुरकुरला. "तू सांग फक्त."

सूर चालू होता. मी दांडा ओढत होतो. आतून टिचकीचाही आवाज नाही.

"माझ्यासाठी थांबलास तर किती थांबशील?" ती म्हणाली.

"जन्मभर."

"आणि तो? जो पट्टी धरून बसलाय?"

तो अगदी हळू म्हणाला, "तोही बसेल. जन्मभर."

"म्हणजे आपल्या घरात आपण तिघं. आणि त्या तिसऱ्याशी तू कधी बोलणार नाहीस." तिचा आवाज भरून आला होता, पण फुटला नाही. "असं घर नको मला. ऊब नाही राहायची त्यात."

मग टिचक्या ऐकू आल्या. एक. थांबून अजून एक. सूर तरंगत होता तो हळूहळू स्थिर झाला, सरळ झाला, दोऱ्यासारखा. रडतानाही पोरीचा कान चुकला नाही. चुकली ती वेळ.

"लागला," ती म्हणाली.

पण 'सोड' म्हणेना.

इथे तुम्हाला माझं काम समजलं पाहिजे. मी दांडा सोडला असता तर वारा संपला असता आणि सूर आपोआप मेला असता. कोणाला काही म्हणावं लागलं नसतं. किती सोपं. पण तो शब्द तिचा होता, माझ्या दुखऱ्या खांद्यांचा नव्हे. मी ओढत राहिलो. घाम डोळ्यांत गेला. माझे दोन्ही हात खांद्यांपासून निखळून दांड्यालाच लटकले आणि माझ्याविना भाता मारत राहिले, आणि ही थाप नाही. बाहेर उन्हं उतरली असतील, गाडी स्टँडवर लागली असेल, माणसं म्हातारी होऊन मेली असतील. तो सूर चालूच होता. तोवर तो तिचा होता ना.

"सोड," ती म्हणाली.

सूर थांबला नाही.

"सोड म्हटलं ना रे."

मग थांबला. बाक सरकल्याचा आवाज. पावलं लाकडी भिंतीपर्यंत आली. हात टेकवल्यासारखं काहीतरी वाजलं, आणि माझ्या पदरचं घालतो, आतून तिनेही तिथेच हात टेकवला. मग पावलं जिना उतरून गेली. तीन-तीन पायऱ्या नाही. एकेक.

त्यानंतर वर्षं गेली. भाची मिस्सेला यायची, वाजवायची, पण प्रार्थनेच्या वेळी ओठ मिटलेले. देवाशी तिचा अबोला होता. घरात दोघांचा अबोला असला तरी जेवण वाढायचं कोणी चुकवत नाही, तसं चाललं होतं. स्थळं आली. एक चष्मेवाला आला, भला माणूस, तिला ऑर्गन ऐकवायला सांगितलं आणि बापासारखाच झोपला. तिने हसून त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं. आसपासच्या गावांतून सूर लावायला तिला बोलावणी येत. ती हत्यारांची पिशवी घेऊन जायची आणि धुळीने माखून परत यायची. एकदा मी विचारलं, त्याला बोलावणं आलं, तो गेला, तुझं काय? ती म्हणाली, मलाही आलं असेल. मला जागेवर राहायचं आलंय. एवढं म्हणताना तिचे ओठ जरा सैल झाले होते. त्या रविवारी ती प्रार्थनेत पुटपुटली, हे मी मागून ऐकलं.

ती एक नळी मात्र तिने तशीच ठेवली. चर्च भरलं की अगदी बरोबर. रिकाम्या, गार चर्चमध्ये बाकीच्या नळ्या खाली उतरायच्या आणि ही एकटी वर राहायची, कानाला खुपायची. गाणं शिकवणाऱ्या बाई दर महिन्याला तक्रार करायच्या. भाची म्हणायची, बघते.

दाजी गेले. मग म्हातारे फादर गेले, आणि त्यांच्या शेवटच्या मिस्सेसाठी पाववाला आला. आता फादर. नदीपलीकडे लांब, तापाच्या रुग्णांच्या दवाखान्यात असायचा. वाळला होता, केस पांढरे झाले होते. हे मला भाचीने सांगितलं, आणि बराच वेळ सांगत होती. चर्च दारापर्यंत भरलं. शेवटच्या स्तोत्रात ती नळी आली, आणि इतकी सरळ, इतकी खरी लागली की वेदीपाशी उभा असलेला तो ओळीच्या मध्येच थांबला. गावाला वाटलं, म्हाताऱ्या फादरांच्या आठवणीने कंठ दाटला.

माणसं गेल्यावर तो वर आला. बाकावर तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. मी कोनाड्यातून बाहेर यायला हवं होतं, शिष्टाचार म्हणून. आलो नाही.

"आज बरोबर लागली," तो म्हणाला.

"चर्च भरलं की लागतेच."

"आणि एरवी?"

"एरवी चुकते."

"मग लावून टाक ना. मी धरतो पट्टी."

"नको," ती म्हणाली. मग विचारलं, "तिकडे बरोबर असतं का रे सगळं?"

तो हसला, कोरडं. काही दिवस काहीच ऐकू येत नाही म्हणाला. माणसं मरतात, मी हात धरून बसतो, आणि वरून शब्द नाही. त्या दिवशी मी उठतो आणि दवाखान्याच्या चुलीवर पाव भाजतो. ज्यांना खाता येतो ते खातात. मग परत हात धरून बसतो.

"पश्चात्ताप?"

"नाही. दुःख आहे. ते वेगळं." तो म्हणाला, "प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतो ना मी... दर वेळी आतून तुझा आवाज येतो. सोड म्हटलं ना रे."

"ओरडते का अजून?"

"देवदूतासारखी."

दोघं हसली. मग तो गाडीसाठी निघाला. ती जिन्यापर्यंतही गेली नाही. पण त्या रात्री स्वयंपाक करताना ती गुणगुणत होती, आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

पुढच्या थंडीत दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. त्यालाही ताप आला होता. चार दिवसांत गेला. तिथेच, नदीपलीकडे, रुग्णांच्या शेजारी पुरला.

आमच्याकडे त्याच्यासाठी मिस्सा झाली ती आडवारी. कडाक्याचा गारठा, तरुण मुलं कामाला गेलेली. बेकरीची म्हातारी मालकीण, गाण्याच्या बाई, नवे फादर, अजून मोजके. बाकं रिकामी. भाचीने वाजवलं. मी ओढलं, आता दोन ओढींमध्ये दम लागतो. शेवटच्या स्तोत्रात ती नळी आली आणि काट्यासारखी वर उभी राहिली, एकटी. बाईंनी खाली खाकरून दाखवलं.

सगळे गेल्यावर मी कोनाड्यातून बाहेर आलो. ती बाकावरच होती. हातात रुमाल, डोळे लाल. काय बोलावं ते सुचेना, म्हणून नको तेच बोललो.

"आता तरी लाव गं ती नळी. मी कोणाला तरी पट्टी धरायला आणतो. आता कोणासाठी ठेवायची तशी?"

"ती चुकलेली नाही, मामा."

"कान गेले का तुझेही?"

"ती भरल्या चर्चसाठी लावलीये."

"हे चर्च आता कुठे भरतंय?"

"भरेल," ती म्हणाली. रडत होती, तरी अगदी साधं म्हणाली, दुकान उघडेल म्हणावं तसं. "मेलेले सगळे उठतील त्या शेवटच्या दिवशी भरेल. बाबा येतील, आई येईल. म्हातारे फादर. त्याचे ते तापाचे सगळे रुग्ण, बरे होऊन. तोही येईल, पाव घेऊन. दारात मावणार नाहीत इतके. तेव्हा ऊब होईल बघ, आणि बाकीच्या नळ्या चढत-चढत तिच्यापर्यंत येतील. ती नुसती आधी जाऊन उभी आहे."

मी आयुष्यभर थापा मारल्या. दुसऱ्याची थाप मला लांबून ओळखू येते. ही थाप नव्हती.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू मागे असशील. भात्यावर. तिथे तरी बिशपांची टोपी उडवू नकोस."

"उडाली होती गं खरंच."

"हो, मामा." तिने नाक पुसलं. "वारा आहे का अजून अंगात?"

खांदे दुखत होते, पण आहे म्हटलं, आणि परत कोनाड्यात गेलो. दांडा धरला. भाता भरला. तिने ती एकच पट्टी दाबली. रिकाम्या, गार चर्चमध्ये तो सूर वर गेला आणि बाकीचं सगळं खाली राहिलं. मला इथून काही दिसत नाही. ऐकू मात्र येत होतं, की तिने बोट उचललेलं नाही. मीही दांडा सोडला नाही.

आतून अजून कोणी सोड म्हटलं नव्हतं.